चोविसावी पेटी

५ जानेवारी, गुरुवार

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूंचे अहवाल लिहिलेत, आता जरा स्वतःचा लिहा." मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. हे ज्याला माहीत नाही असा माणूस या वस्तीत सापडणार नाही, कारण मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी मी दुकानात शिरलो की दुकानदार आधी तराजू पुसून घेतो.

तर अहवाल. आजपासून मी आमच्या ज्यू समाजाच्या सेवासंस्थेची गाडी चालवायला लागलो. हेही हिचंच डोकं. संस्थेचा चालक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेलाय असं कुठून तरी ऐकून आली आणि महिनाभर "जा, जा" म्हणून माझ्या मागे लागली. घरात बसून मी डब्यांची झाकणं मोजतो, असं तिचं म्हणणं. मोजतो. दोन कमी आहेत.

इमारत तीन मजली. तळाला भांडार. मधल्या मजल्यावर खुर्च्यांची रांग, तिथे नोकरी गेलेले, मुलांना घेऊन घराबाहेर पडलेल्या बायका, दूरच्या देशातून एका बॅगेनिशी आलेली माणसं, सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसलेले. वर म्हातारी मंडळी गुरुवारी गाणी म्हणतात. बेसूर, पण मन लावून. कोण कुठल्या देवाला मानतो हे संस्था विचारत नाही. शुक्रवारी सूर्यास्ताला आमचा शब्बाथ, शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो, त्याच्या आत प्रत्येक घरात अन्न पोचलं पाहिजे म्हणून पेट्या गुरुवारी निघतात.

काम समजावून द्यायला समाजसेविका आली. तिशीची असेल, खांद्याला ही एवढी झोळी. तिने नियम सांगितला: पेटी दारात ठेवायची, घंटी वाजवायची आणि दार उघडायच्या आत वळायचं. मागे बघायचं नाही, आत जायचं नाही, पेटी उघडायची नाही. यादीवर नावं नसतात, फक्त आकडा आणि पत्ता. देणाऱ्याचा चेहरा घेणाऱ्याला दिसू नये, म्हणजे उद्या रस्त्यात भेटल्यावर कोणाची मान खाली जात नाही. आमच्यात दान द्यायची ही जुनीच रीत. माझ्या आजोबांना फार आवडायची. द्यायला, अर्थात. घ्यायची वेळ आमच्या घराण्यात कोणावर आलेली नाही.

तेवीस पेट्या, तेवीस पत्ते. सगळे पत्ते मी माझ्या खिशातल्या वहीत उतरवून घेतले. दर आठवड्याला छापील यादीचा कागद कशाला चाळत बसायचं? निघताना झोळीवाली म्हणाली, "पुढच्या वेळी काकूंनाही आणा की सोबत." हिला ती कशी ओळखते कोण जाणे.

६ जानेवारी, शुक्रवार

सकाळच्या चहात मीठ. मी तोंड वाकडं केलं तर ही हसत सुटली. पासष्टाव्या वर्षी चेष्टा करायची लहर आलीय बाईसाहेबांना.

१२ जानेवारी, गुरुवार

ही गाडीत बसून आली. मांडीवर छापील यादी. हिने सदतीस वर्षं टपालाच्या वर्गवारीत काढली. पाकीट हातात घेतलं की कुठल्या खणात टाकायचं ते हाताला कळायचं. आजही तसंच. मी वहीत शोधेपर्यंत हिचं सांगून झालेलं असायचं, "डावीकडे. निळं फाटक. वरचा मजला, घंटी बिघडलेली असणार, जोरात ठोका." तेवीस दारं पावणेदोन तासांत.

यातलं एक दार फक्त डोकेदुखी, सतरा नंबरचं. मागच्या गुरुवारची पेटी तशीच बाहेर. पावाला बुरशी. शेजारीण म्हणाली, आत निवृत्त मास्तर एकटेच राहतात, पाय सुजलेत, खाली उतरत नाहीत, पण पेटीला हात लावत नाहीत. मला भिकारी समजलात का, असं ओरडतात. काय हा अहंकार! घरात धान्याचा दाणा नाही आणि नाकावर माशी बसू देत नाहीत.

परतताना हिने तीनदा विचारलं, लेकीचा फोन आला का. तिसऱ्यांदा मी चिडलो. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली.

१५ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात. तिथून तिला इथलं सगळं दिसतं.

"बाबा, आईला डॉक्टरांना दाखवलंत का?"

"कशासाठी? ठणठणीत आहे."

"काल मला फोन करून तिने मावशीची चौकशी केली. मावशीला जाऊन चार वर्षं झाली, बाबा."

"आठवण आली असेल."

"ती विचारत होती, मावशी घरी पोचली का."

मी म्हटलं, वय झालं की सगळेच थोडं विसरतात, मीसुद्धा परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला. ती म्हणाली, चष्मा वेगळा. मी म्हटलं, माझ्या घरातलं मी बघून घेईन, मी समर्थ आहे. तिने फोन ठेवला. रडत होती वाटतं. आमची लेक पहिल्यापासून हळवी.

१९ जानेवारी, गुरुवार

भांडाराचा कारभार ढिसाळ आहे. आज तेवीस दारं झाली आणि गाडीत एक पेटी शिल्लक! झाकणावर ठळक '२४'. माझ्या वहीत चोविसावा पत्ताच नाही. परत नेऊन भांडारवाल्याच्या पुढ्यात ठेवली.

"तुमची मोजणी चुकली."

"साहेब, मोजणी बरोबर आहे," तो म्हणाला. हा पन्नाशीचा, मला साहेब म्हणतो आणि गालात हसतो. "पोचवलीत तर जाईल."

"पत्त्याशिवाय पेटी कुठे पोचवतात?"

त्याने झोळीवालीकडे पाहिलं. तिने विचारलं, "काका, यादी पूर्ण वाचता ना?" पूर्ण वाचता ना! सोन्याच्या पेढीवरचं गुंजेचं वजन खोटं निघालं म्हणून मी टाळं ठोकलेलं आहे.

२४ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी बाजारातून आलो तर ही डोक्यावर ओढणी घेऊन मेजापाशी उभी. दोन मेणबत्त्या लावलेल्या, डोळ्यांवर हात, ओठ हलताहेत. शब्बाथची प्रार्थना. मंगळवारी.

मी म्हटलं, "अगं, आज मंगळवार."

तिने हात खाली घेतले. मेणबत्त्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माहितीय हो मला," म्हणाली, पण आवाज भलतीकडूनच आल्यासारखा. मग स्वतःच फुंकर मारून विझवल्या. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, या मेणबत्त्या विझवताना मी हिला कधी पाहिलं नव्हतं. त्या आपोआप संपेपर्यंत जळतात.

दिनदर्शिका बदलली पाहिजे. त्यातले आकडे फारच बारीक आहेत.

२६ जानेवारी, गुरुवार

पुन्हा चोवीस! आणि गंमत म्हणजे तीच पेटी. मागच्या वेळी सुतळीला मी ओळखीची गाठ मारून ठेवली होती, ती जशीच्या तशी. जुनी सवय कामाला येते ती अशी. भांडारातल्या काट्यावर चढवली. बाकी प्रत्येक पेटी अकरा किलो, वीस-तीस ग्रॅम इकडे तिकडे. ही तीन किलो दोनशे! म्हणजे कोणा गरिबाच्या वाट्याचे आठ किलो मधल्या मध्ये गेले. रीतसर तक्रार लिहिली, तारीख, वजन, सही. भांडारवाल्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि डोक्याला लावली. निगरगट्ट.

गाडीत ही यादी उलटून म्हणाली होती, "अहो, चोविसावा पत्ता तर..."

मी म्हटलं, "तू मध्ये बोलू नकोस, माझी वळणं चुकतात."

"अहो, पण तो..."

"अगं, नाहीच आहे चोविसावा!"

तिने यादीच्या कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. सध्या तिचं काही ना काही असं चालूच असतं, म्हणून मी फार मनावर घेत नाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार

चोविसावी परत केली. आता त्यावर शब्द खर्च करत नाही. झोळीवाली जिन्यात आडवी आली. "काका, दहा मिनिटं बसू या का? तुमच्याबद्दल नाही, यादीबद्दल." मी म्हटलं, जे सांगायचं ते लेखी द्या. ती बिचारी झोळीत हात घालून उभी राहिली, मग वरून कोणीतरी हाक मारली.

सतरा नंबरला मात्र आज मी नियम मोडला. पेटी ठेवली, घंटी वाजवली आणि वळलो नाही. दाराला तोंड लावून मास्तरांना चांगलं झापलं. म्हटलं, "मास्तर, आयुष्यभर मुलांना शिकवलंत ना? मग त्यांच्यापैकी कोणी आज चार बटाटे पाठवले तर काय बिघडलं? घेण्यात कमीपणा कसला? उपाशी राहून कोणाला दाखवताय? आणि तुम्ही पडलात तर धावपळ शेजाऱ्यांची, लेकरांची. हट्ट करायचा तर निदान दुसऱ्याचा जीव टांगणीला लावू नका!"

आत खुर्ची करकरली. मग काठीचा आवाज. दार वीतभर उघडलं, एक हात बाहेर आला आणि पेटी आत ओढली गेली. चेहरा दिसला नाही, म्हणजे नियमही अर्धा पाळला गेला.

फार बरं वाटलं. हिला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "किती छान बोललात हो. पुन्हा एकदा सांगा."

मी सगळं पुन्हा सांगितलं.

५ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहायची इच्छा नाही, पण अहवालात वाईटही लिहावं लागतं.

दुपारी डोळा लागला होता. करपल्याच्या वासाने उठलो. शेगडीवर रिकामं पातेलं, लालबुंद, हँडल वितळून ओट्यावर. ही बाहेरच्या खोलीत जुनी पाकिटं मेजावर मांडून बसली होती. शहरांप्रमाणे ढीग. वास तिला आलाच नव्हता. मी ओरडलो. खूप ओरडलो. शेवटी ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "मला रागावू नका ना, मला काही कळत नाहीय."

मी पातेलं तासभर घासलं. ते काही निघालं नाही.

आता स्वयंपाक मी करणार. शेगडीची कळ काढून खिशात ठेवली. किल्ल्याही माझ्याकडे. आंघोळीच्या वेळी दाराबाहेर उभा राहीन. पहाटे उठलं तर सगळं बसतं वेळापत्रकात, मी मांडून पाहिलं. मी समर्थ आहे.

मला भीती वाटते. हे वाक्य लिहून झालं, आता खोडत नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार

क्रमाने लिहितो.

गाडीत चोवीस पेट्या. आज मी ठरवूनच आलो होतो की चोविसावी थेट संचालकांच्या टेबलावर नेऊन आदळायची. हिच्या मांडीवर नेहमीप्रमाणे यादी. सतरा नंबरपाशी गाडी लावली, हिला म्हटलं, पाच मिनिटांत आलो. वर गेलो तर मास्तरांनी दार उघडंच ठेवलं होतं. मला बघायचं होतं त्यांना, ओरडणारा माणूस दिसतो कसा. मी दारातच उभ्याउभ्या बोलत राहिलो. पाच मिनिटांची पंधरा झाली असतील.

खाली आलो. गाडीचं दार उघडं. ही नाही.

मागे बघितलं, पुढे बघितलं, दोन दुकानांत विचारलं. माझ्या तोंडून हिचं वर्णन निघेना. उंची विचारली त्यांनी, मला सांगता आली नाही. मला, ज्याला वाटाण्याचं वजन हातावर कळतं. रस्त्याच्या मध्यभागी उभा राहून मी हिला हाका मारत होतो आणि मोटारी माझ्या दोन्ही बाजूंनी जात होत्या.

मास्तर खिडकीतून बघत होते वाटतं. काठी टेकत, सपाता घालूनच खाली उतरले. दोन महिन्यांत जिना न उतरलेला माणूस.

"चला. मी या बाजूला बघतो, तुम्ही त्या."

"नको, नको, तुम्ही कशाला, तुमचे पाय... मी शोधतो एकटा."

मास्तरांनी काठी माझ्या छातीला लावली. "परवा दाराबाहेरून मला काय शिकवत होतात? घेण्यात कमीपणा कसला, ना? मग आता तोंड मिटून चला."

त्यांनीच माझ्याकडून संस्थेला फोन करवला. झोळीवाली, भांडारवाला, मधल्या मजल्यावरच्या खुर्च्यांवरच्या दोन बायकासुद्धा, सगळे बाहेर पडले. झोळीवालीने फोनवर एकच विचारलं, "गाडीतल्या पेट्या मोजा, काका. चोविसावी आहे का?"

मला वाटलं, या मुलीला वेळकाळ कळत नाही. तरी मोजलं. मी मोजल्याशिवाय राहत नाही. अठरा ते तेवीस होत्या. चोवीस नव्हती.

"मग आधी घरी जा," ती म्हणाली. "तुमच्या घरी."

ही आमच्या इमारतीच्या पायरीवर बसलेली होती. सहा रस्ते, दोन चौक ओलांडून. मांडीवर पेटी, पेटीवर यादी, यादीवर दोन्ही हात. केस विस्कटलेले, एक चप्पल तुटलेली. मला पाहून तिने तक्रार केली, तिच्या जुन्या टपाल कार्यालयात करायची तशीच.

"केव्हाची घंटी वाजवतेय. घरात कोणी नाही वाटतं. ठेवून जा म्हणतात, पण अशी पेटी सोडून कशी जाऊ? कोणाची तरी असेल ना ती."

"अगं, हे आपलं घर."

"पत्ता हाच आहे," ती म्हणाली. कागद माझ्यापुढे धरला. "माझा पत्ता चुकत नाही."

यादीच्या मागच्या बाजूला, पहिल्या बाजूचे तेवीस संपल्यावर एकच ओळ. चोवीस. रस्ता, इमारत, दुसरा मजला, उजवीकडचं दार. चार आठवडे ती ओळ माझ्या शेजारच्या आसनावर होती.

मी तिच्या बाजूला पायरीवर बसलो. मास्तर धापा टाकत मागून आले आणि कोणी न सांगता तेही बसले. मग मला रडू आलं. मोठ्याने आलं. हिने ओढणीच्या टोकाने माझं नाक पुसलं आणि मास्तरांना म्हणाली, "हळवे आहेत थोडे."

१० फेब्रुवारी, शुक्रवार

पेटी उघडली. सुतळीची गाठ माझी, मलाच सोडवायला वेळ लागला.

आत होतं ते असं: वाराचं नाव दाखवणारं मोठं घड्याळ. सात कप्प्यांची औषधांची डबी. पुठ्ठ्याचे तुकडे, त्यांवर हिच्या टपोऱ्या अक्षरात 'साखर', 'मीठ', 'चहा', 'हे दार बाहेर जातं'. दर गुरुवारच्या गाण्यांचं पत्रक. रोज दुपारी दोन तास घरी माणूस पाठवण्याचा संस्थेचा अर्ज, हिच्या सहीनिशी. स्मृतीच्या डॉक्टरांची वेळ ठरवलेली चिठ्ठी. वेळ होती एकतीस जानेवारीची.

एकतीस जानेवारी होऊन दहा दिवस झाले. त्याच्या पाच दिवस आधी मी या पेटीचं वजन करत होतो.

तळाशी पाकीट. पत्ता आमचाच, पिनकोडसकट. पत्रावर तारीख डिसेंबरची. इथे उतरवून ठेवतो.

"अहो,

उभ्याने वाचत असाल तर आधी बसा.

मी विसरायला लागलेय. तुम्हाला तीनदा सांगितलं, तुम्ही तिन्ही वेळा विषय बदललात. एकदा तर पंख्याला तेल घालायला उठलात. मग मी संस्थेत गेले. रस्ता पाठ असताना जाऊन घ्यावं म्हटलं. त्या पोरीने सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांची वेळही तीच घेणार आहे. तिला मी वचनात बांधलंय की तुम्हाला यातलं काही सांगायचं नाही. दुसऱ्या कोणी आणलं असतं तर तुम्ही दारातून परत पाठवलं असतंत, मी ओळखत नाही का तुम्हाला? पण तुमच्या ताब्यात दिलेली वस्तू तुम्ही पोचवल्याशिवाय राहणार नाही. म्हणून गाडी तुम्हीच चालवायची असं मी ठरवलंय.

मला लाज वाटत नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका. लेकीला सांगा, ती घाबरली असेल.

पुढे मी तुम्हाला काही वेडंवाकडं बोलले तर ते पत्र माझं नाही असं समजा. हे माझं."

दुपारी झोळीवाली आली. मी तिच्यावर भडकलो, म्हटलं, चार आठवडे गेले, एक वाक्य बोलायला काय झालं होतं? ती म्हणाली, "चुकलं माझं. काकूंनी हात धरून वचन घेतलं होतं, आणि मला दर गुरुवारी वाटायचं, आज तुम्ही कागद उलटाल. एकतीस तारीख गेली तेव्हाच बोलायला हवं होतं. जिन्यात प्रयत्न केला, पण पुरेसा नाही." तिचे डोळे भरले. मग मला आठवलं की मीच तिला लेखी मागितलं होतं. चूक निम्मी निम्मी वाटून घेतली, तरी माझ्याकडे जास्त उरली. तिने डॉक्टरांची नवी वेळ आणली होती, वीस फेब्रुवारी.

अर्जावर दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती. नातं: पती. मी सही केली. माझी सही एरवी एका झटक्यात होते, आज अक्षर अक्षर लिहिलं.

लेकीला फोन केला. "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं," एवढंच बोललो. मग म्हणाली, "बाबा, मी शनिवारी रात्री निघते."

सूर्यास्ताला हिने मेणबत्त्या लावल्या. शुक्रवार होता. घड्याळातही शुक्रवारच होता. प्रार्थनेच्या मध्यावर ती अडली, तेव्हा पुढचे शब्द मी हळूच म्हटले, आणि तिने ते घेतले.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

भांडारवाल्याने माझी तक्रार चौकट करून काट्याच्या वर टांगली आहे. मी खाली लिहून दिलं, 'तपासणीअंती वजन बरोबर.' सही केली. तो म्हणाला, "साहेब, आजची चोवीस अकरा किलोची आहे, मोजून घ्या." मी मोजली नाही. म्हणजे नंतर मोजली, तो आत गेल्यावर.

आज ही गाडीत नव्हती. दुपारच्या दोन तासांसाठी संस्थेची एक मावशी घरी येऊ लागली आहे, आणि लेक आलेली आहे. शेजारच्या आसनावर मास्तर होते, यादी घेऊन. त्यांना पत्ते जमत नाहीत, प्रत्येक वळण उशिरा सांगतात आणि वर माझे उच्चार सुधारतात. सतरा नंबरची पेटी त्यांनी गाडीतच मांडीवर घेतली आणि पावतीवर सही करायचा आग्रह धरला. पावती नसते म्हटलं, तर नाराज झाले.

तेवीस झाल्या. मग आमच्या रस्त्याला वळलो.

किल्ली खिशात होती. पण पेटी पोचवायची तर पद्धतीने पोचवावी. दुसरा मजला, उजवीकडचं दार. खाली ठेवली, घंटी वाजवली. वळायला हवं होतं. पाय निघेना.

दार हिने उघडलं. मागून लेकीचा आवाज, "आई, थांब, मी बघते." ही पेटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"कोणी पाठवली?"

"नाव सांगायची पद्धत नाही."

"असं होय." तिने थोडा विचार केला. "फार लांबून आलात का? दमलेले दिसता. आमचे हे एवढ्यात येतील, तोवर आत बसा, चहा टाकायला सांगते."

ही चेष्टा होती की नव्हती, ते मला ओळखता आलं नाही. जानेवारीत मी लगेच ठरवून मोकळा झालो असतो. आज तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो आणि ती दार धरून, वाट बघत, हसत उभी राहिली.

आत जायचं नाही असा नियम आहे. मी पेटी उचलली, पायपुसण्यावर पाय पुसले आणि गेलो.